सूपभर कोंडा

मी जन्मले तेव्हा आईने मला सूपभर कोंड्याला विकून टाकलं होतं. माझ्या आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली होती, म्हणून तिसरी आपली आहे हे कुणाला कळूच द्यायचं नाही असा तिचा बेत. मरण दारात आलं आणि त्याने विचारलं, ही कुणाची, तर सांगायचं, शेजारणीची. शेजारीण सूप घेऊन आली, तिने कोंडा आईच्या पदरात ओतला आणि मला उचलून आपल्या घरी नेलं. दूध पाजण्यापुरतं परत आणून दिलं, ती मी कायमची आईकडेच राहिले. आमच्या खानदेशात हे पुष्कळ घरांत व्हायचं. आई मात्र मरेपर्यंत मला चारचौघांत 'शेजारणीची' म्हणायची. मी चिडायचे. "अगं, माझे केस पिकायला आले, आता कुठलं मरण फसतंय?" ती म्हणायची, "तुले काय कयस?" तुला काय कळतंय.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय मला नाही.

वडील सुरतेला लूमवर, कापडाच्या मागावर होते. मी लहान असतानाच आम्ही उधन्याकडच्या खोल्यांमध्ये राहायला आलो. शाळा गुजरातीत झाली, घरात अहिराणी, आणि बाहेर जे समोर येईल ते. मॅट्रिक झाले आणि घरी बसून धाग्याच्या बॉबिन भरायची वेळ आली, तेवढ्यात मुलांच्या तब्येतीची पाहणी करणारी मंडळी वस्तीत आली. तापीचा अडुसष्टचा मोठा पूर येऊन गेला त्यानंतर चारेक वर्षांची ही गोष्ट. गिरणी-लूमच्या वस्त्यांमधली मुलं कशी वाढतात, किती वाढतात, आणि त्यांच्यातल्या किती जणांच्या छातीत रोग शिरलाय, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांना गुजराती लिहिणारी आणि अहिराणी बोलणारी मुलगी हवी होती. वस्तीत तशी मी एकटीच निघाले, म्हणून मला घेतलं. हुशारीचा त्यात काही संबंध नव्हता, पण मला वाटायचं की आहे.

आम्ही तिघं असायचो. एक डॉक्टरबेन, मूळच्या सुरतेच्याच, पातळशा, कमी बोलणाऱ्या. एक काटेवाले भाई, ज्यांच्याकडे वजनाचा काटा, उंचीची फळी आणि दंडाचा घेर मोजायची फीत. आणि रजिस्टर घेऊन मी. लिंबाच्या झाडाला काटा टांगायचा, त्याला कापडाची झोळी अडकवायची आणि एकेक पोर त्यात बसवायचं. पोरं अशी रडायची की लूमचा खडखडाट ऐकू यायचा नाही. भाई प्रत्येकाला 'राजा' म्हणायचे, मुलींनासुद्धा. पोर झोळीतून उतरलं की मी एका चिठ्ठीवर घराचा नंबर आणि वजन लिहून आईच्या हातात द्यायचे. दंड फारच बारीक निघाला तर भाई त्या चिठ्ठीवर लाल पेन्सिलने एक गोल काढायचे.

त्या लाल गोलाचं पुढे पिवळं कार्ड व्हायचं. दोनेक महिन्यांनी डॉक्टरबेन रजिस्टर बघून कार्डं काढायच्या आणि मी ती घरोघर पोचवायचे. कार्ड घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलं की छातीचा फोटो फुकट, सुया फुकट, गोळ्या फुकट, वर दुधाची पावडर. कार्ड नसेल तर त्याच दवाखान्याच्या रांगेत दिवस मोडायचा, आणि ज्याच्या घरी दिवस मोडला की चूल मोडते त्याने तिथे जायचं कशाला? वस्तीतल्या बायकांना मी समजावून सांगितलं होतं: कार्ड आलं तर पोराला बरं नाहीये, लगेच जा. कार्ड नाही आलं तर काळजी नको. हे वाक्य माझं. ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

पाहणी सुरू व्हायच्या आधी आम्हाला आठ दिवस शिकवलं. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. "बेन, ए लोको जे कहे ते ज लखवानुं." ते लोक जे सांगतील तेच लिहायचं, मध्ये आपलं डोकं चालवायचं नाही. नियम काही चुकीचा नव्हता. वस्तीतल्या बायका वय सांगायच्या ते ऐकलं असतं तर कुणालाही डोकं चालवायचा मोह झाला असता. "पूर उना तवय ती पोटमा व्हती," म्हणजे पूर आला तेव्हा पोटात होती. "आखाजीले तीन वरीस व्हतीन." मी पूर आणि आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, यांचा मेळ घालून महिने काढायचे आणि मनातून खूश व्हायचे. बारा-तेराच्या मुलींचं आणखी निराळं. त्यांना वजनाला आया पुढे आणायच्याच नाहीत. मुलगी दिवसभर कारखान्यात बॉबिन भरते हे कुणाला लिहून द्यायचं नव्हतं, आणि लग्न ठरत आलेल्या मुलीचं वजन करणं हे तर लाज काढण्यासारखंच वाटायचं. मग ती 'शाळेत जाते' म्हणून लिहिली जायची. तिच्या बोटांच्या पेरांना धाग्याने चरे पडलेले मला दिसत असायचे, पण सांगितलं ते लिहिलं. माझं रजिस्टर सगळ्यांत स्वच्छ होतं. खाडाखोड नाही, शाईचा डाग नाही. डॉक्टरबेन ते दुसऱ्या वस्तीतल्या मुलींना नमुना म्हणून दाखवायच्या, आणि मी त्या दिवशी घरी जाऊन दोन भाकऱ्या जास्त खायचे.

आता ती मुलगी. तीनेक वर्षांची असेल. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, पण ते मुद्दाम ओंगळ ठेवलेलं होतं, ऐकून मरणाने नाक मुरडावं असं. तिच्या आधीची तीन गेलेली. आई अंगाने काटक, बोलायला फटकळ, दुपारी बॉबिनच्या कामावर जाणारी. तिचा नवरा लूमवर, आणि खोकला त्याच्या घरात कायमचा राहायला आलेला. तिने मुलीला कडेवर घेऊन झाडाखाली आणलं, झोळीत बसवलं, रडायला लागली तशी तिच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. काटा जिथे थांबला तिथून भाईंनी डोळे वर केले नाहीत. दंडाला फीत लावली आणि लाल पेन्सिल काढली.

मी विचारलं, "ही तुमची?"

ती म्हणाली, "मनी नही शे. तिनी शे." आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या शेजारणीकडे हनुवटीने दाखवलं.

शेजारीण आपली तीन धडधाकट पोरं घेऊन उभी होती. ती हसली. "हां, मनीच शे. सूपभर कोंडा दिधा नि लिधी."

दोघींनी माझ्याकडे बघितलं. मला समजलं हे त्यांना समजलं होतं. मीही त्यातलीच. डॉक्टरबेन बाजूलाच खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "शुं थयुं? कोनी छे?" त्यांना सगळं सांगायचं म्हणजे कोंडा, सूप, मरणाला फसवणं, हे सगळं गुजरातीत उलगडायचं होतं. मला लाज वाटली. त्या शिकलेल्या बाईंसमोर आपले लोक असे दिसावेत, आणि आपण त्यांच्यातलीच एक, हे मला नको होतं. हे एक कारण. दुसरं कारण मी पुष्कळ वर्षं स्वतःपाशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. त्या आईने तीन वर्षांत एकदाही 'माझी' म्हटलं नव्हतं, आणि मी रजिस्टरात ते शाईने लिहायचं? माझ्याच लिहिण्याने त्या पोरीला काही झालं तर? मॅट्रिक झालेली मी, आणि मला भीती वाटली.

मी म्हटलं, "मागेवाल्या बेनची आहे." आणि शेजारणीच्या घराखाली, तिच्या तीन पोरांच्या खाली, चौथी म्हणून ती मुलगी लिहिली. चिठ्ठीवरही शेजारणीच्या घराचा नंबर घातला. चिठ्ठी मात्र आईच्याच हातात दिली, कारण पोर तिच्याच कडेवर होतं.

दोन महिन्यांनी कार्डं निघाली. त्या गल्लीत माझ्याकडे सहा कार्डं होती. शेजारणीच्या दाराशी गेले तर आत दुसरीच बाई भाकरी करत होती. ती म्हणाली, आधीचे लोक चलथाणला गेले, नवऱ्याला साखर कारखान्यात काम लागलं, आठवडा झाला. घर सोडून गेलेल्या कुटुंबाचं काय करायचं ते ठरलेलं होतं: सगळ्या मुलांच्या नावांवरून ओळ मारायची, बाजूला 'स्थलांतर' लिहायचं, कार्डं परत करायची. बाहेर जीपचा भोंगा वाजत होता. माझ्या हातात त्या मुलीचं पिवळं कार्ड होतं. त्यावर तिचं ते ओंगळ नाव माझ्याच अक्षरात होतं. मी ते वाचलं. वाचून थोडं हसलेसुद्धा, हे मला आठवतं. मग पट्टी धरून चारही नावांवर सरळ ओळ मारली.

त्यातली तिघं चलथाणला गेली होती. चौथी दोन दारं सोडून तिथेच होती. कदाचित त्या वेळी उंबऱ्यात बसलेली असेल. तिची आई कामावर होती. मी त्या दारावरून चालत गेले आणि जीपमध्ये बसले. ती तिथेच आहे हे मला का आठवलं नाही, याचं उत्तर मी पन्नास वर्षं शोधतेय. घाई होती, ऊन होतं, भोंगा होता. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही पुरत नाही. पान स्वच्छ राहिलं पाहिजे एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पुढच्या वर्षी पाहणीची दुसरी फेरी निघाली. या वेळी झाडाखाली बोलवायचं नव्हतं, घरोघर जायचं होतं. त्या आईच्या घरी मी गेले तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. घर इतकं आवरलेलं होतं की मला दारातच कळलं. पोर असलेलं घर तसं आवरलेलं नसतं.

"ताई, बैस," ती म्हणाली. मी बसले. रजिस्टर उघडलं. तीच बोलली. पावसाळ्यात खोकला लागला. मग ताप राहायला लागला. कोपऱ्यावरच्या कंपाउंडरकडून लाल औषध आणलं, दोन वेळा. आजूबाजूच्या बायका म्हणाल्या मोठ्या दवाखान्यात ने. "पन कार्ड उनं नही ना माय. म्हनीसन मना जीव निवांत व्हता."

मी खाली बघत होते. ती उठली, देवाच्या फळीवरून एक डबी काढली, आणि डबीतून ती चिठ्ठी. चार घड्या घातलेली, कुंकवाचे कण लागलेली. माझ्या हातात दिली. अक्षर माझं, वजन मी लिहिलेलं, वर शेजारणीच्या घराचा नंबर, आणि कोपऱ्यात लाल गोल.

"काय लिखेल शे त्यामा? वाच ना."

मी वजन वाचून दाखवलं.

"नि हाई लाल काय शे?"

"पेन्सिलची खूण आहे," मी म्हटलं. "भाई काढतात."

"चांगलंच लिखेल व्हतं ना?"

मी म्हटलं, "हो."

हा शब्द मी परत घेऊ शकले असते तर दुसरं काही मागितलं नसतं. पण तेव्हा तो तोंडातून निघाला आणि तिने मान हलवली. तिला तेवढंच ऐकायचं होतं. तिने चिठ्ठी परत घेतली, त्याच घड्या घातल्या, डबीत ठेवली. मला छापील प्रश्न विचारायचे होते, ते मी विचारत गेले. घरात माणसं किती, पाणी कुठून, नवरा काय करतो. मग मुलं. हयात किती, गेलेली किती. गेलेली तीन मला माहीत होती, मी तीन लिहायला लागले.

"चार," ती म्हणाली. माझा हात थांबला. "मनी व्हती ती. आते लिखी ले."

आता लपवून कुणापासून लपवायचं होतं? मी चार लिहिलं. तिने ते वाकून बघितलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण मी लिहिलं की नाही हे तिला बघायचं होतं.

त्या संध्याकाळी मी डॉक्टरबेनना सांगितलं. मागच्या वर्षीचं रजिस्टर काढलं, ते स्वच्छ पान उघडलं, पट्टीने मारलेली ओळ दाखवली, आणि कोंड्याचं सगळं गुजरातीत सांगितलं. वर्षभरापूर्वी जे सांगायला लाज वाटली होती ते पाच मिनिटांत सांगून झालं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "मला विचारायला हवं होतं. मीही विचारलं नाही." त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, आईला सांगितलंस? मी नाही म्हटलं. सांगायला हवं, त्या म्हणाल्या. हो, मी म्हटलं. पहिल्या फेरीचे आकडे तोवर वर गेले होते. त्यांत ती मुलगी स्थलांतर झालेल्यांत धरलेली आहे, म्हणजे कुठेतरी चलथाणला, जिवंत.

मी सांगायला तीनदा गेले. एकदा ती घरी नव्हती. एकदा तिचा नवरा होता, दवाखान्यातून आलेला, अंगावर चादर. तिसऱ्यांदा तिने मला बघताच चहा टाकला आणि सांगितलं की तिला दिवस गेलेत. मी चहा पिऊन परत आले.

मूल आखाजीच्या आधी झालं, मुलगीच. पाचवीच्या दिवशी तिने मला निरोप पाठवून बोलावलं. गेले तर दारात सूप ठेवलेलं. ते रिकामं होतं.

"तू घे हिले," ती म्हणाली. "तुना हात चांगला शे. तू लिखस." कोंडा मी आणायचा होता. मी घेणारी होते.

मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी उंबऱ्यावर बसले आणि बोलायला तोंड उघडलं. ती ओली बाळंतीण, पोर मांडीवर, डोळे माझ्यावर. मी तोंड मिटलं. घरी जाऊन आईकडून कोंडा मागून आणला. आईने चाळून दिला, चांगला बारीक. सूप भरलं, तिच्या पदरात ओतलं, पोर उचललं. फार हलकं होतं. दूध पाजायला म्हणून परत तिच्या मांडीवर ठेवलं. "आते तुनी शे," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर काढलं आणि ते पोर तिच्या खऱ्या आईच्या घराखाली लिहिलं. तिला सांगितलं नाही. सांगितलं ते न लिहिण्याची माझी ती पहिलीच वेळ, आणि लिहिताना मी अक्षर मुद्दाम बारीक काढलं, कारण अजूनही मला वाटत होतं की कुणीतरी वाचेल. वर्षाच्या आत त्या पोरीच्या दंडाला फीत लागली, लाल गोल निघाला, पिवळं कार्ड निघालं. ते कार्ड मी त्याच दिवशी पोचवलं. तिला दवाखान्यातही मीच नेलं, सुयांना मीच धरलं. पोर जगली.

तिची आई म्हातारी झाली आहे. नवरा केव्हाच गेला. मुलगी लग्न होऊन पलसाण्याला असते, तिला दोन मुलं आहेत, आणि दिवाळीला मला साडी आणते, कारण नात्याने मी तिची आई. म्हातारी येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगते की थोरलीला शेजारणीचा कोंडा लागू पडला नाही, धाकटीला हिचा पडला, हिचा हात तसाच आहे. लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी चहा टाकायला उठते. ती डबी अजून तिच्या देवाच्या फळीवर आहे.